तो काही करत नाही हो!

आलात का वहिनी? रात्री गाडीचा आवाज आला तेव्हाच ह्यांना म्हटलं, बेंगळुरूची मंडळी परतली. बाळ कसंय? दूध ओढतंय ना नीट? बरं, ते सगळं मला निवांत ऐकायचंय, फोटोंसकट. पण आधी अशा मेंदीच्या कडेला या. आणि जरा बारीक आवाजात. कोपऱ्यावरच्या मॅडम या वेळेला गच्चीत प्राणायाम करतात. डोळे मिटलेले असले तरी कान उघडेच असतात त्यांचे.

म्हणजे तुम्हाला काहीच पत्ता नाही? ग्रुपवर नुसता धुरळा उडालाय. हां, ग्रुपचा आवाज बंद करून ठेवलाय होय. शहाण्या आहात.

अहो, सुलतान चावला.

कुणाला म्हणून काय विचारता! फाटकावरून पायी जाणाऱ्यालाच चावणार. चारचाकीतून जाणाऱ्याला कुत्रं चावल्याचं मी तरी ऐकलं नाही. आपल्या मावशींना चावला. हो हो, आपल्याच, तुमच्या नि माझ्या. सोमवारी सकाळी माझ्याकडची भांडी उरकून त्या इंजिनिअरसाहेबांकडे निघाल्या, आणि मधे ते फाटक लागतंच की.

ते फाटक नीट बघितलंयत कधी? मी बघून आले, मुद्दाम चपला अडकवून. डावी झडप खाली बसलीय, बिजागरी झिजलीय. ओढली की फरशीला घासते आणि कडी भोकात जायच्या ऐवजी अर्धा इंच वरच राहते. मग तो राखणीचा पोरगा आतून अर्धी वीट लावतो. पन्नास किलोचं जनावर, आणि त्याला अडवायला अर्धी वीट! बाकी बंगला बघा. पोर्चला चकचकीत ग्रॅनाइट, चारी कोपऱ्यांना कॅमेरे. सुलताननं वीट नाकानं कशी सरकवली ते सगळं कॅमेऱ्यात आलंय म्हणे. पोऱ्याच म्हणाला तसं, सोमवारी दुपारी. संध्याकाळपर्यंत मात्र 'ते सापडत नाही' झालं होतं.

उजवी पोटरी. चार दात स्वच्छ उमटलेले आणि एका ठिकाणी कातडी लोंबत होती. मावशी ओरडल्यासुद्धा नाहीत हो, मटकन खालीच बसल्या. मी धावत पोचेपर्यंत भोवती चार जण सल्ल्याला उभे. एक म्हणतो तिखट भरा, विष उतरतं. दुसरा म्हणतो चुना लावा. मी म्हटलं, लोणचं घालताय का बाईच्या पायाचं? धरलं त्यांना, आणलं आपल्या बागेतल्या नळाखाली, कपड्याचा साबण घेतला आणि घड्याळ बघून पंधरा मिनिटं धुतलं. डिसेंबरातलं पाणी, मावशींचे दात वाजत होते. पण माझा भाचा डॉक्टर आहे, तो नेहमी सांगतो, कुत्रं चावल्यावर पहिलं औषध म्हणजे साबण आणि वाहतं पाणी, बाकी सगळं त्याच्यानंतर.

रिक्षात बसल्यावर मावशींचा एकच धोशा, 'ताई, बेंबीत चौदा सुया टोचणार का हो?' लहानपणी त्यांच्या भावाला टोचल्या होत्या, ते डोळ्यांपुढे. म्हटलं, ती लस बंद होऊन वीसेक वर्षं झाली, आता दंडात देतात. कातडीत द्यायची असेल तर पहिल्या दिवशी, मग तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. स्नायूत दिली तर चौदाव्या दिवसाची एक वाढते. पण त्यांची चामडी फाटली होती, रक्त आलं होतं. त्याला तिसरी श्रेणी म्हणतात आणि तिथे नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि जखमेभोवती सीरम टोचतात. ते बघवत नाही वहिनी. मी तोंड फिरवलं. मावशी मात्र सरळ पायाकडे बघत होत्या, जसा काही तो दुसऱ्याचाच पाय आहे.

लस सरकारी दवाखान्यात फुकट, ते खरं. पण चार खेपांचे चार खाडे कोण भरून देणार? पाच घरची कामं त्यांची. तुम्ही-आम्ही कापणार नाही पैसे, पण सगळेच काही तसे नसतात. कोण ते मी सांगायला नको.

सुलतानचे साहेब? साहेब पुण्यात. ते शनिवार-रविवारचे सातारकर. फोन लावला मी. पहिलं वाक्य काय असेल, सांगा बघू. बरोब्बर! 'तो काही करत नाही हो.' अहो, केलंय! मी काय वर्तवत नाहीये, झालेलं सांगतेय. तर दुसरं वाक्य, 'मावशी घाबरल्या असतील, घाबरलेल्या माणसाचा वास येतो त्याला.' म्हणजे चूक कुणाची, तर मावशींच्या घामाची. आणि तिसरं, 'आजवर असं कधीच झालं नाही, पहिल्यांदाच झालं.' हे तिसरं वाक्य लक्षात ठेवा वहिनी, त्याच्यावर मी परत येणार आहे.

मॅडमनी पाचशेची नोट आणि एक पातळ पाठवलं, पोऱ्याच्या हाती. स्वतः पायरी उतरल्या नाहीत. पातळ चांगलं होतं, ते नाही म्हणणार नाही मी.

खरी गंमत पुढेच. डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्या. कुत्र्याला रेबीजची लस टोचलीय का, आणि कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवता येईल का. त्याचं असं असतं, लस तर लगेच सुरू करायचीच, पण चावलेला कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता असं धरतात. जिवाचा घोर तरी कमी होतो. मी मॅडमकडून लसीची पुस्तिका मागवली. तासाभरानं आली. पहिल्या पानावर सुलतानचा फोटो, गळ्यात लाल रुमाल, काय ऐट! आणि शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची. दरवर्षी टोचायची असते ती.

बरं, दहा दिवस नजरेखाली ठेवायचं तर कुत्रा हवा ना जागेवर? मंगळवारी पहाटे टेम्पो आला. आमचे हे फिरायला निघाले होते, त्यांनी स्वतः बघितलं. सुलतान, त्याची साखळी, त्याची ती जर्मनची थाळी, सगळं टेम्पोत. गेला गावच्या शेतावर. आणि सकाळी आठाच्या सुमारास ग्रुपवर निरोप, 'सर्वांच्या भावनांचा आदर करून आम्ही सुलतानला हलवत आहोत.' खाली हात जोडल्याची चित्रं. मग काय विचारता! 'मोठं मन', 'आदर्श शेजारी', 'प्रश्न मिटला'. कुणी तर फुलांचा गुच्छ पाठवला. म्हणजे चावला मावशींना आणि सत्कार झाला साहेबांचा.

प्रश्न कसला मिटला? शेतावर तर फाटकच नाही. तिकडे सध्या ऊसतोड चाललीय. टोळ्या उतरल्यात, त्यांची पोरं दिवसभर पाचटात खेळत असतात. तिथे हा मोकळा. पण ती पोरं आपल्या ग्रुपवर नाहीत ना!

आता ग्रुपवरचं रामायण ऐका, हसून घ्या जरा. सोमवारी रात्री इंजिनिअरसाहेबांनी केंद्र सरकारचं पत्रक टाकलं. मार्च २०२४ चं आहे ते. रॉटवायलर, पिटबुल, मॅस्टिफ अशा २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदी आणा म्हणून राज्यांना कळवलं होतं. खाली साहेबांचं नाव न घेता, 'कायदा पाळणाऱ्यांना त्रास का?' सगळे वा वा म्हणाले. मला राहवेना. मी लिहिलं, ते पत्रक महिनाभरात, एप्रिलमध्ये, कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी रद्द केलंय, संबंधितांचं म्हणणं न ऐकताच काढलं म्हणून. तर म्हणतात, 'मग आपण कॉलनीचा ठराव करू, कुत्रंच नको.' अहो, तेही टिकत नाही. प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्येच कळवलंय की सोसायटीला बहुमतानंसुद्धा कुणाच्या पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही. केरळच्या उच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये तसाच निकाल दिलाय. आणि खरं सांगू, ते बरोबरच आहे. नाहीतर उद्या तुमच्या बोक्यावर ठराव आला असता.

मग सर उतरले मैदानात. सर म्हणजे इतिहास, आणि इतिहास म्हणजे सातारा. त्यांनी शाहू महाराजांचा खंड्या काढला. संगम माहुलीला त्याची समाधी आहे, महाराजांवर चालून आलेल्या वाघाच्या आड आला म्हणून सांगतात. सरांचं म्हणणं, ज्या गावानं कुत्र्याची समाधी बांधली त्या गावात ही भाषा? मी लिहिलं, सर, खंड्यानं वाघ धरला होता, मावशींची पोटरी नाही. त्यावर सरांनी अंगठा दाखवला. वर की खाली ते चष्मा नव्हता म्हणून दिसलं नाही.

तिसऱ्यानं दिल्ली काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या भटक्या कुत्र्यांबद्दल ११ तारखेला आदेश दिला आणि २२ ला तो बदलला, त्यावर पहाटेपर्यंत हमरीतुमरी. खायला घालणारे एकीकडे, न घालणारे एकीकडे. दत्तजयंती जवळ आली होती, म्हणून एकीनं दत्ताच्या पायाशी असलेली चार कुत्रीसुद्धा आणली. एवढ्या सगळ्यात एकाला सुचलं नाही की चावलेलं कुत्रं भटकं नव्हतंच. त्याला पट्टा होता, नाव होतं, फ्रिजमध्ये वेगळं चिकन होतं. भटक्याला मालक नाही म्हणून नगरपालिकेच्या नावानं ओरडायचं. आणि ह्याला मालक आहे, तर मालकाचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही, कारण त्याच्याकडे वास्तुशांतीला जेवलोय!

तुम्हाला माहितीये, माझी सगळी नोकरी कोर्टाच्या दप्तरात गेली. कागद कसा बोलतो ते मला कळतं. भारतीय न्याय संहितेचं २९१ कलम. पूर्वी आयपीसीत ते २८९ होतं, दंड हजारापर्यंत होता. आता जुलै २०२४ पासून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. काय म्हणतं ते कलम? आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असेल, आणि तो टाळायला पुरेशी काळजी माणसानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं घेतली नाही, तर गुन्हा. जातीचं नाव नाही त्यात. पिटबुल नाही, रॉटवायलर नाही. प्राणी कुठलाही असू दे, म्हैस असू दे. काळजी घेतली का, एवढंच विचारतं. दखलपात्र आहे, जामीनपात्र आहे. म्हणजे ठाण्यावर 'एनसी करून देतो' म्हणाले तर ऐकायचं नाही. वर महाराष्ट्र पोलीस कायद्यातही आहेच की हिंस्र कुत्रा मुसकीशिवाय रस्त्यावर मोकळा सोडायचा नाही म्हणून. तो १९५१ चा आहे, म्हणजे आपल्या दोघींच्याही आधीचा.

शिक्षा होत नाही असं कोण म्हणतं? होते. मुंबईचंच घ्या. नेपियन सी रोडला दोन नातेवाईक मालमत्तेवरून रस्त्यात भांडत होते. एकाचा रॉटवायलर गाडीत, आतून भुंकतोय, बाहेर यायला बघतोय. समोरचा सत्तरी ओलांडलेला माणूस म्हणतोय, दार उघडू नका. ह्यानं उघडलं. पायाला, हाताला चावला. ते झालं २०१० मध्ये आणि गिरगावच्या कोर्टानं तीन महिन्यांची कैद सुनावली जानेवारी २०२३ मध्ये. बारा वर्षं! कुत्रं तोवर कुठलं राहायला. दुसरं वरळीचं. लिफ्टमध्ये एक जण लहान मुलाला घेऊन उभा, म्हणतो, पोर घाबरतं, जरा थांबा. कुत्रेवाल्यानं कुत्रं ओढून आत घेतलंच. चावलं त्या बापाच्या हाताला. २०१८ ची गोष्ट, मे २०२५ मध्ये चार महिने सक्तमजुरी आणि दंड. दोन्ही ठिकाणी बघा वहिनी, समोरच्या माणसानं आधी सांगितलं होतं. थांबा म्हणाला होता. उघडू नका म्हणाला होता. मालक अडकतो तो तिथे. कुत्रं काय करील हे माहीत असून त्यानं दार उघडलं, इथे.

आणि पैशाचं म्हणाल तर, २०२२ मध्ये गुरुग्रामच्या ग्राहक मंचानं एका बाईला दोन लाखांची अंतरिम भरपाई द्यायला लावली. महापालिकेनं द्यावी आणि वाटल्यास मालकाकडून वसूल करावी म्हणून. तीही घरकामालाच निघाली होती सकाळी, पाळलेलं कुत्रं चावलं. नोएडात तर नियमच केलाय, पाळीव कुत्रं चावलं की मालकाला दहा हजार दंड आणि उपचाराचा खर्च त्याच्याच माथी. पंजाब-हरियाणाच्या उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये दराचंच कोष्टक घातलं, दाताच्या एका खुणेला कमीत कमी दहा हजार. ते भटक्या जनावरांचं आहे, सरकारनं द्यायचं, आपल्याकडे लागू नाही. पण मी मावशींना सांगितलं तर त्यांनी पायाकडे बघितलं आणि बोटावर मोजायला लागल्या. चार दाहे चाळीस. मग म्हणाल्या, 'ताई, पाचशेची नोट म्हणजे एका दाताचं सव्वाशे झालं की.'

आता माझ्यावर रागावू नका, पण सुलतानची मला कीव येते. दोन वर्षं मी ह्या खिडकीतून बघतेय. पिल्लू आणलं तेव्हा काय लाड, केक कापला होता. मोठं झालं तसं पोर्चच्या खांबाला आलं. साहेब पुण्यात, पोरं परदेशात, मॅडमना त्याची ओढ झेपत नाही, आणि पोऱ्या त्याला घाबरतो. लांबून थाळी सरकवतो काठीनं. खांबाभोवती साखळी फिरून फिरून फरशीवर वर्तुळ पडलंय, जाऊन बघा. सदा बांधलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं हिंडवलं नाही तर तोसुद्धा गुन्हा आहे, १९६० च्या प्राण्यांच्या छळाच्या कायद्यात चक्क तसं लिहिलंय. दंड किती माहितीये? पहिल्या वेळेला दहा ते पन्नास रुपये. हसू नका, खरंच. कायदा १९६० चा आणि दरही १९६० चाच. पन्नास रुपयांत आज कढीपत्ता नि कोथिंबीर येते.

तर असा तो, महिनोन्महिने खांबाला. त्याला जग म्हणजे फाटकाखालून दिसणारे पाय. पोस्टमनचे, पेपरवाल्याचे, मावशींचे. एका सकाळी वीट सरकली. आणि शिक्षा कुणाला? त्यालाच. टेम्पोत घालून रवाना. आता तिकडे कुणाला चावला तर मारतील दगडांनी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणि आणखी एक मेख आहे. कलम म्हणतं 'ताब्यातला' प्राणी. मंगळवारी दुपारी साहेबांचा मला फोन, गोड आवाजात. 'ताई, तुम्ही कोर्टातल्या, तुम्हाला सांगायला नको, कुत्रा सगळा तो पोरगाच बघायचा. त्याच्याच ताब्यात होता म्हणा ना.' ऐकलंत? एकोणीस वर्षांचं पोरगं, काठीनं थाळी सरकवणारं, त्याच्या गळ्यात हे घालायचं! कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबैस. मी म्हटलं, साहेब, पुस्तिकेवर मालकाच्या रकान्यात सही कुणाची आहे? बिजागरी बदलायचे पैसे पोऱ्या कुठून देणार होता? मग रेंज गेली त्यांची. पुण्यात भर दुपारी रेंज गेली.

अर्ज मी लिहून ठेवलाय. तुम्हाला वाचून दाखवू? नको, मॅडम खाली उतरल्या वाटतं. थोडक्यात, चावल्याची वेळ, जागा, फाटकाची अवस्था, पुस्तिकेची नक्कल, दवाखान्याचा कागद, आणि कुत्रा दहा दिवसांच्या आत हलवला हे. त्या कॅमेऱ्याचं चित्रण ताब्यात घ्या हेही. 'सापडत नाही' हे त्यांनी पोलिसांना सांगावं. मावशींची सही झालीय. पहिल्यांदा कचरल्या. इंजिनिअरसाहेबांच्या बाई आणि मॅडम एकाच भिशीत, तिथलं काम जाईल म्हणून भीती. बाई म्हणाल्याही त्यांना, 'कशाला पोलिसांच्या नादी लागता, औषधपाण्याला आम्ही देऊ काहीतरी.' काहीतरी! मावशी रात्रभर विचार करून आल्या आणि म्हणाल्या, 'द्या ताई कागद. पाय माझा हाय.'

आता उरली साक्ष. मी चावताना बघितलं नाही, चावल्यानंतरचं बघितलं. पण साहेबांचं ते तिसरं वाक्य आठवतंय ना? 'पहिल्यांदाच झालं.' सगळं त्याच्यावर उभं आहे. पहिल्यांदाच झालं असेल तर ते म्हणणार, आम्हाला काय कल्पना. पण ह्याच्या आधी एकदा कुत्रा त्या फाटकातून बाहेर येऊन कुणाच्या अंगावर गेला असेल, आणि साहेबांच्या कानावर ते घातलं असेल, तर मग 'कल्पना नव्हती' कसं म्हणतील?

म्हणून तर तुमची वाट बघत होते मी, वहिनी.

ह्यांना विचारते म्हणता? विचारा की, जरूर विचारा. पण मी काय म्हणते, भाऊबीजेच्या सकाळी भाऊ दूध आणायला गेले होते आणि त्यांची ती करडी पँट फाटली. तुम्ही म्हणालात, कुंपणाच्या तारेला अडकली. मी काही बोलले नाही, सणाचा दिवस. पण दोरीवर वाळत होती तेव्हा बघितली मी. तारेला अडकलेल्या कापडाला एक लांब चीर पडते हो. समोरासमोर भोकं पडत नाहीत.

अहो, रडताय कशाला! मला कळतं ना, भाऊ आणि साहेब शाळेतले दोस्त, एका बाकावरचे. संध्याकाळी साहेब पेढे घेऊन आले, माफी मागून गेले, विषय संपला. हो, तेही बघितलं मी, पेढ्याचा पुडा हातात होता. म्हणजे साहेबांना ठाऊक होतं, असंच ना? बास, एवढंच हवंय मला. आणि कातडीला लागलं होतं का भाऊंच्या? नुसता ओरखडा? वहिनी, ओरखड्यालासुद्धा लस घ्यावी लागते, असं घरात दडवून नाही चालत. सुलतान त्याच्यानंतर महिनाभर चांगला हुंदडत होता म्हणून ह्या वेळेला निभावलं म्हणायचं.

नाही, दोस्ती कशाला तुटेल? आणि तुटली तर एका फाटकाच्या बिजागरीवरून तुटली म्हणायची. दोन-तीनशे रुपयांचं काम होतं हो, सुतारानं अर्ध्या तासात केलं असतं. तेव्हा भाऊंनी पेढे घेण्याऐवजी 'आधी फाटक नीट कर' एवढं म्हटलं असतं, तर मावशी आज लंगडत भांडी घासत नसत्या. टोचून बोलत नाहीये मी. बरं, थोडं टोचून बोलतेय.

ती पँट आहे का अजून? बोहारणीला दिलीत? अगंबाई! आणि काय घेतलंत तिच्यावर? चहाचं पातेलं? तेवढंच? दोन शर्टही घातले होतेत ना त्याच्यासोबत, मग कढई तरी मागायची!

असू दे. पँट गेली तरी पँटेतला माणूस आहे की जागेवर. दहा वाजता पाठवा भाऊंना माझ्याकडे, आधार कार्ड घेऊन. आणि वाचायचा चष्माही आणायला सांगा, नाहीतर न वाचताच सही करतील आणि मागाहून म्हणतील, मला काय कल्पना.